कर्कटकानं कोरलेलं नाव आणि साडेसहा हजारांचा टीव्ही गेम

पत्र : नमस्कार. आम्ही मूळचे सोलापूरच्या पूर्व भागातले. आमचे नाना यंत्रमागावर कामाला होते. एका दिवाळीला बोनस हातात पडला तेव्हा त्यांनी मला आणि अण्णाला टीव्ही गेम आणला होता. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आईनं तो रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. परवा नवी पेठेत गेले होते, तिथं जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काचेच्या कपाटात तोच दिसला. उलटा करून पाहिला, तर खाली अण्णानं कर्कटकानं कोरलेलं त्याचं नाव! दुकानदार साडेसहा हजार सांगतो. म्हणतो, ‘ओरिजिनल जपानी निन्टेन्डो आहे, रेट्रो आहे, ऑनलाइन बघा, याच्या वर भाव आहे.’ सोबत पाच कॅसेटी देतोय, पण त्या आमच्या नाहीत. अण्णा भिवंडीला असतो, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला येणार आहे. तेव्हा त्याला द्यावा असं मनात आहे. आमचे हे म्हणतात, भंगारातली वस्तू, पाचशेच्या वर रुपया देऊ नको. हा माणूस लुबाडतोय का? आणि वस्तू आमचीच आहे हे त्याला सांगू की नको? कळलं तर आणखी भाव चढवेल अशी भीती वाटते. फोटो पाठवते आहे.
– एक बहीण, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा फोटो मोठा करून करून पाहिला. नाव वाचता येतं. शेवटचं अक्षर कोरताना कर्कटक घसरलंय, त्याचा लांब ओरखडा थेट स्क्रूपर्यंत गेलाय. अण्णांना त्या दिवशी घरी बोलणी बसली असणार.

आता कामाचं बोलू. तो ‘ओरिजिनल जपानी निन्टेन्डो’ नाही, आणि हे मी फोटोवरूनच खात्रीनं सांगतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं जुलै १९८३मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र आणलं. पांढरं अंग, त्यावर गडद लाल पट्टे. तुमच्या यंत्राचा रंग तसाच आहे, म्हणून दुकानदाराला तसं म्हणायला जागा मिळते. पण अस्सल फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट वायरनं यंत्रालाच कायमचे जोडलेले असतात, उपसून काढता येत नाहीत. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्टची बटणंच नसतात, त्या जागी छोटा माईक असतो. तुमच्या फोटोत दोन्ही रिमोट पिनांच्या जोडणीचे आहेत, वेगळे होतात. शिवाय प्रत्येकावर ए आणि बीच्या वर आणखी दोन बटणं आहेत. दाबून धरली की कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळात गोळ्या आपोआप सुटत राहायच्या, तीच ही टर्बो बटणं. अस्सल फॅमिकॉमच्या त्या रिमोटवर ती नव्हती. मागं पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरचं भोक आहे, तेही मूळ फॅमिकॉमला नव्हतं, त्याचं चित्र अँटेनाच्या वायरनं जायचं. आणि ते यंत्र जपानच्या शंभर व्होल्टच्या विजेसाठी, तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीसाठी बनलेलं. आपल्याकडच्या त्या वेळच्या टीव्हीला लावून सरळ चित्र आलं नसतं.

तुमच्याकडचा टीव्ही गेम म्हणजे त्याची नक्कल. तैवानमध्ये, नंतर चीनमध्ये अशा नकला ढिगानं बनल्या आणि नव्वदच्या दशकात आपल्या गावागावांत त्याच आल्या. यात कमीपणा काही नाही. रशियात १९९२पासून हीच नक्कल ‘डेंडी’ या नावानं विकली गेली आणि तिथली एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली. आपल्याकडं ज्या ज्या घरात ‘मारिओ’ खेळला गेला, त्यातल्या बहुतेक घरांत अस्सल निन्टेन्डो कधी आलाच नव्हता. तेव्हा नक्कल आहे म्हणून मन लहान करू नका. फक्त भाव करताना ती नक्कल आहे हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण साडेसहा हजारांचा सगळा डोलारा ‘ओरिजिनल’ या एका शब्दावर उभा आहे.

‘ऑनलाइन बघा’ हे वाक्य आजकाल प्रत्येक जुन्या वस्तूच्या दुकानात ऐकू येतं. दुकानदार खोटं बोलतो असंही नाही. त्यानं मोबाईलवर खरंच काहीतरी पाहिलेलं असतं. जुलै २०२१मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, म्हणजे त्या वेळच्या भावानं साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. पुढच्याच महिन्यात पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सीलबंद प्रत २० लाख डॉलरला विकली गेली. या बातम्या जगभर फिरल्या आणि माळ्यावरचा प्रत्येक टीव्ही गेम लोकांना सोन्याचा वाटायला लागला. पण त्या प्रती अमेरिकन बाजारातल्या, अस्सल, कधीही न उघडलेल्या आणि तज्ज्ञांकडून श्रेणी लावून घेतलेल्या होत्या. तुमचा टीव्ही गेम दोन पोरांनी वर्षानुवर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवस दिवस खेळलेला. त्या दोन वस्तूंचा बाजार एक नाही. पैठणीचा भाव दाखवून कुणी तुम्हाला सोलापुरी चादर विकत असेल तर तुम्ही काय म्हणाल? चादर वाईट नाही, पण भाव चादरीचाच बोला.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑनलाइन जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. जाहिरात टाकायला काही पडत नाही. एक जण सात हजार लिहितो, ते बघून दुसरा आठ लिहितो, तिसरा दोघांना बघून साडेसहाला ‘स्वस्तात’ देतो, आणि विकली एकही जात नाही. ईबेसारख्या ठिकाणी फक्त विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे काढून बघता येतात. मी नेहमी तेच बघतो. मागितलेले आणि मिळालेले आकडे शेजारी ठेवले की बरंच धुकं जातं. तसलेच खेळ भरलेले नवे टीव्ही गेम आजही हजार-दीड हजारात घरपोच येतात, हेही दुकानदाराला शांतपणे सांगता येईल.

तो लुबाडतोय का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, भाव जास्त सांगणं ही लूट नव्हे. जुन्या वस्तूला एमआरपी नसते. भंगारवाल्यानं आईंच्या हातावर त्याचे दहा-वीस रुपये ठेवले असतील, पण दुकानदारानं पोत्यातल्या दहा वस्तू उचलल्या की त्यातल्या दोन चालतात, बाकी पडून राहतात. वर जागेचं भाडं, धूळ, आणि सहा सहा महिने कपाटात अडकलेले पैसे. त्यानं चांगला नफा कमवावा, माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार ‘ओरिजिनल जपानी’बद्दल आहे. नक्कल अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक, मग भाव शंभर रुपये का असेना.

हे मी तळमळून लिहितोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून मी भाच्यासाठी निन्टेन्डोच्याच गेमबॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्राची पोकेमॉनची कॅसेट घेतली, चोवीसशे रुपयांना, अस्सल म्हणून. पोरानं दोन आठवडे जीव लावून खेळ पुढं नेला आणि एका सकाळी चालू केला तर सगळं साफ पुसलेलं. तो रडला नाही, नुसता गप्प बसला, ते मला जास्त लागलं. घरी आणून कॅसेट पाहिली तर मागचा स्क्रू साधा चार खाचांचा. अस्सल कॅसेटला तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो. खालून डोकावलं तर सोनेरी पट्ट्यांच्या वर सर्किटवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असायला हवं, ते नव्हतं. दोन्ही गोष्टी दुकानातच, अर्ध्या मिनिटात बघता आल्या असत्या. दुकानदारानं परत घ्यायला साफ नकार दिला. पैशाचं दुःख विसरलो, पोराचा चेहरा विसरलो नाही. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी वस्तू हातात घेऊन तपासा, आणि दुकानात घाई करू नका.

तुमच्या टीव्ही गेमचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो चालतो का. ‘चालतो, घरी लावून बघा’ हे ऐकून घेऊ नका. त्याच्या दुकानात टीव्ही असेलच, नसेल तर शेजारच्या मोबाईलवाल्याकडं असेल. एव्हीनं जोडायला सांगा. नव्या एलईडी टीव्हीला कधी कधी तीन वेगळी भोकं नसतात, एकच बारीक गोल भोक असतं, त्याची जोडवायर लागते. ती सोबत न्या, शंभर-दीडशेत मिळते. आणि अडॅप्टर नीट बघा. असल्या बहुतेक यंत्रांना नऊ व्होल्टचा डीसी अडॅप्टर लागतो. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा एक रेग्युलेटर असतो, तो नऊ व्होल्टचे पाच करतो आणि वरचं सगळं उष्णता म्हणून बाहेर टाकतो. दुकानातला हाताला लागेल तो बारा व्होल्टचा अडॅप्टर खुपसला तर तो इतका तापतो की काही वेळात चित्र नाचायला लागतं. प्लस-मायनस उलटा असलेला अडॅप्टर लागला तर यंत्र कायमचं जाऊ शकतं. यंत्राच्या खाली किंवा मागं छोटं चिन्ह छापलेलं असतं, त्याच्याशी अडॅप्टरवरचं चिन्ह जुळवा. छाप पुसला असेल तर आधी दुरुस्तीवाल्याकडून खात्री करून घ्या.

चालू झाल्यावर वीस मिनिटं तरी चालू ठेवा. पाच मिनिटांत बरं दिसणारं यंत्र पंधराव्या मिनिटाला तापून अडकलेलं मी पाहिलंय. या वेळात रिमोटची सगळी बटणं दाबून बघा. बटणाखाली रबराची गादी असते, तिच्या पोटाला काळ्या कार्बनची टिकली. ती झिजली की बटण जोरात दाबावं लागतं. ‘उजवीकडं’चं बटण सगळ्यात आधी जातं, मारिओ सारखा उजवीकडंच पळतो ना. ते दुरुस्त होतं, पण दुरुस्त करावं लागणार असेल तर तेवढे पैसे कमी करा.

कॅसेटीच्या बाबतीत मी स्पष्टच सांगतो, त्याच्या त्या पाच कॅसेटी घेऊ नका. ‘९९९९ इन १’ असं लिहिलेल्या कॅसेटीत खरे वेगळे खेळ बोटांवर मोजण्याइतके असतात. तेच खेळ दुसऱ्या टप्प्यापासून, तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करून यादी लांबवलेली असते. आत उघडलं तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक गोळा, त्याखाली चिप. दुर्मिळ असं त्यात काही नाही, आणि या पाच कॅसेटींच्या नावावर तो तुमच्याकडून हजार-दीड हजार काढतोय. त्यापेक्षा आधी एक करा. आईंना विचारा, कॅसेटी पण दिल्या का? तुमच्या पत्रात आईंनी टीव्ही गेम दिला एवढंच आहे. आपल्या घरांत कॅसेटी नेहमी वेगळ्या ठेवलेल्या असायच्या, बुटांच्या खोक्यात नाहीतर चादरीच्या प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. यंत्र डोळ्यांसमोर येतं, म्हणून ते जातं. पिशवी माळ्यावर मागं सरकून राहते. जरा माळा बघा की. आणि आईंना साडेसहा हजारांचा आकडा कृपा करून सांगू नका, त्यांच्या जिवाला लागून राहील.

अण्णांना बंदुकीचा खेळ आवडायचा का, तेही आठवा. बदकं मारायचा. तसं असेल तर तो नव्या टीव्हीवर चालणार नाही आणि यात दुकानदाराचाही दोष नसेल. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड पकडायचा. ही सगळी वेळेची गणितं पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेली होती. एलईडीवर चित्र जरासं उशिरा येतं, म्हणून प्रत्येक नेम चुकतो. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत अजून एखादा जुना ट्यूबचा टीव्ही पडलेला असतो. बंदूक महत्त्वाची असेल तरच त्या खटाटोपात पडा. कॉन्ट्रा असेल तर काळजी नाही, तो एलईडीवरही तसाच चालतो. रिमोटवर दाबायचा त्याचा कोड आठवतो ना? वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, आणि मग स्टार्ट. तीस जीव. हा कोड कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६मध्ये ‘ग्रॅडियस’ नावाच्या खेळाच्या वेळी बनवला, कारण चाचणी करताना तो खेळ त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. २०२०मध्ये ते गेले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांच्या बोटांत हा कोड पाढ्यांसारखा बसला होता हे त्यांना कधी कळलंही नसेल. अण्णांना विचारून बघू नका, त्यांच्या हातात रिमोट द्या. बोटं सांगतील.

आता भावाचं. वीस मिनिटं नीट चालला, दोन्ही रिमोट बरे असले, तर माझ्या मते कॅसेटींशिवाय त्याचे दीड हजार द्यावेत, ओढूनताणून दोन हजार. बंद असेल तर तुमच्या यजमानांचा पाचशेचा आकडा बरोबर आहे, त्याच्यावर जाऊ नका. चालू यंत्राला मात्र पाचशे म्हणणं मला पटत नाही. नव्वदच्या दशकातली वस्तू आज चालू स्थितीत मिळते, कुणीतरी ती भंगाराच्या ढिगातून उचलून पुसून ठेवली, त्याचं मोल आहे. त्यानं ती उचलली नसती तर ती आतापर्यंत फुटून गेली असती.

वस्तू आमचीच आहे हे सांगू का, या तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. जुन्या बाजारातला नियम असा की वस्तू आवडली हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. माझं मत वेगळं आहे. तुम्ही सांगा. एक तर ते खरं आहे. दुसरं असं की ते नाव ही वस्तूची खोड आहे. कुठल्याही हौशी माणसाला खाली दुसऱ्याचं नाव कोरलेला, ओरखडा पडलेला टीव्ही गेम नको असतो, त्याच्यासाठी त्याचा भाव उतरतो. दुकानदाराला हे कळतं, नाहीतर त्यानं कपाटात तो उलटा ठेवून नाव दाखवलं असतं. म्हणजे सगळ्या सोलापुरात त्या नावासहित तो घेणारं गिऱ्हाईक एकच आहे. सरळ म्हणा, ‘काका, हा आमच्या घरातनं गेलाय, हे बघा माझ्या भावाचं नाव. फुकट मागत नाही. पण हा जपानी नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चालू असेल तर कॅसेटी सोडून दीड हजार देते.’ आवाज चढवू नका. कदाचित तो विरघळेल. नाही विरघळला तर मोबाईल नंबर लिहून ठेवा आणि खरंच बाहेर पडा. गड्ड्याला अजून वेळ आहे, आणि दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू कपाटातून लवकर हलत नाही. जमलं तर चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या : चालू स्थितीत दिला, सात दिवसांत बंद पडल्यास परत.

तो अडीच-तीन हजारांवर अडून बसला आणि तुमचं मन मानेना, तर? तर द्या, मी तुम्हाला वेडं म्हणणार नाही. पण देताना मनात हिशेब वेगळा ठेवा. दोन हजार त्या प्लास्टिकचे आणि तारांचे. वरचा हजार नानांच्या त्या दिवाळीच्या बोनसचा. तो किती असावा हे तुम्ही ठरवा, यजमानांशी बोलून ठरवा. ‘जपानी’ म्हणून, ‘रेट्रो’ म्हणून तो ठरवायचा हक्क दुकानदाराला नाही. साडेसहा मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

घरी आणल्यावर लगेच खेळायला बसू नका. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणा. माळ्यावर कॅसेटी सापडल्याच, तर त्यांच्या खालच्या सोनेरी पट्ट्या काडीनं हळूच पुसा. पहिली काडी काळी निघेल, दुसरी करडी, पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. मग दहा मिनिटं वाळू द्या. पट्ट्यांवर हिरवट डाग असतील तर मऊ खोडरबर अलगद फिरवा, जोर लावला तर सोन्याचा मुलामा जातो. आणि फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी ती मारली, पण तोंडातल्या वाफेनं पट्ट्या गंजतात. चित्र यायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळं, फुंकरीमुळं नव्हे.

अण्णा मात्र अक्षतांचा सोहळा आटपून घरी येतील, कॅसेट हातात घेतील आणि काही बोलायच्या आत फुंकर मारतील. त्यांना एकदा मारू द्या.